हेडमास्तरांची वैद्यकीय रजा

जनावरांच्या दवाखान्यात एक केस रजिस्टर असतं. तारीख, मालकाचं नाव, जनावर, लक्षणं, औषध एवढेच त्यात रकाने. माणसं काय बोलली याला रकाना नाही. म्हणून ते मी पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते. जव्हारला दवाखाना काढून दोन वर्षं झाली. रजिस्टरच्या पुढच्या बाजू अजून निम्म्या कोऱ्या आहेत, मागच्या भरत आल्या.

कॉलेजच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "तिकडं डोंगरात तुला केसेस तरी मिळतात का गं?" मी शेळ्या, बैल, कोंबड्या असं सांगायला लागते. त्या मध्येच थांबवतात. "ते राहू दे. कासवाचं सांग."

मी साखरशेतची. शिकले मात्र पार तामिळनाडूत. परत आले तेव्हा मनात एकच होतं, आपल्या भागातलं एकही जनावर औषधावाचून राहता कामा नये. प्रत्येक सभेत, प्रत्येक प्रशिक्षणात मी हेच वाक्य म्हणायचे, तेही टेबलावर हात आपटून. त्या वाक्यानं पुढं काय केलं ते येईलच.

*

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात जामसरहून भोये गुरुजी आले. हे माझे चौथीचे गुरुजी. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पोळपाटाएवढं कासव.

माझ्याकडे मदतीला पांडूकाका असतात. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं बैल आणि म्हशी धरून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "डाक्टर, ह्याला शिंग नाय, वेसण नाय. धरायचा कुठं?"

"धरू नका," गुरुजी म्हणाले. "हेडमास्तर आहेत ते."

गुरुजींची अख्खी नोकरी साध्या शिक्षकाच्या जागेवर गेली. कासवाचं नाव हेडमास्तर का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी पाच हेडमास्तरांच्या हाताखाली काम केलं. सगळे ऑफिसातून बाहेर यायचे नाहीत. डोकं बाहेर दिसलं की ओळखायचं, जेवणाची सुट्टी झाली."

कासव आलं होतं त्यांच्या मुलीकडून. मंदा वसईला नर्स आहे. तिच्या ओळखीचं एक कुटुंब परदेशी गेलं आणि जाताना हे कासव कागदपत्रांसकट तिला देऊन गेलं. तिची खोली लहान, म्हणून तिनं ते वडिलांकडे आणून ठेवलं.

"आता प्रश्न ऐक," गुरुजी म्हणाले. "कारणे द्या. हेडमास्तर आठ दिवस जेवत नाहीत."

"तुम्ही त्यांना खायला काय देता?"

"नागलीची भाकरी, दुधात कुस्करून. मीही तेच खातो."

"गुरुजी, ह्यांना गवत लागतं. पाला लागतो. दूध अजिबात नको."

गुरुजींनी मान खाली घातली. चौथीत मी पाढा चुकले की मी अशीच उभी राहायचे.

त्याच दुपारी मंदाचा फोन आला. "वनिता, आई गेल्यापासून बाबा कुणाशी बोलत नव्हते गं. आत्याशीसुद्धा नाही. आता दिवसभर त्या कासवाशी बोलतात. बोलतायत ना, मला तेवढं पुरे आहे. पण त्याला काही होऊ देऊ नकोस."

हे मी रजिस्टरच्या मागं लिहिलं नाही. ते तसंच लक्षात राहिलं.

*

जंत आहेत का हे बघायला शेण तपासावं लागतं. बैलाचं शेण मिळायला अडचण नसते. कासवाची गोष्ट वेगळी. त्याला कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवायचं आणि वाट बघायची.

आम्ही वाट बघितली. आधी मी आणि पांडूकाका. मग शेळी घेऊन आलेल्या दोन बायका. मग कोंबड्याला घेऊन आलेले एक आजोबा. तासाभरानं घमेल्याभोवती रिंगण झालं. पाणी गार झालं की पांडूकाका गरम ओतायचे.

"डाक्टर," आजोबांनी हळूच विचारलं, "ह्याच्यातून काय निघायचा हाय?"

मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "माला वाटला काय तरी चमत्कार हाय." पण गेले नाहीत. शेवटी काम झालं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी होती. कासवाच्या पोटात थोडे जंत असतातच, त्यानं फारसं बिघडत नाही. इथं मात्र गर्दी होती. निकाल ऐकायला गुरुजींबरोबर त्यांची मोठी बहीण जानकीआत्या आली होती. तिनं एक डोळा मिटून काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढी सगळी पोटात?"

"हो आत्या."

"आन ह्यो बापडा कधी काय बोलला नाय." आणि ती माझ्याकडे न बघता गुरुजींना म्हणाली, "तुझ्यासारखाच."

*

औषध ठरलं. आता ते द्यायचं कसं?

पांडूकाकांनी आयुष्यात हजारो म्हशींचे जबडे उघडले असतील. बाह्या सरसावून ते पुढं झाले. हेडमास्तरांनी डोकं आत घेतलं. पांडूकाका थांबले. दहा मिनिटांनी डोकं बाहेर आलं, पांडूकाकांचा हात पुढं गेला, डोकं पुन्हा आत. असं चार वेळा झालं.

"म्हशीचा तोंड तरी बाहेर असतो," पांडूकाका म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मग मला कॉलेजातली एक युक्ती आठवली. दवाखान्यामागं जास्वंद आहे. एक लाल फूल तोडलं, मधोमध औषधाचे थेंब सोडले आणि समोर ठेवून आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. वळून पाहिलं तर देठ तेवढा उरला होता.

या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला की पुढं पशुसखींच्या प्रशिक्षणात मी ती फळ्यावर चित्र काढून सांगितली. पशुसखी म्हणजे पाड्यापाड्यावर शेळ्यांचं औषधपाणी बघणाऱ्या बायका. जामसरची सुरेखा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं ते चित्र वहीत उतरवून घेतलं.

*

जूनमध्ये गुरुजींचा फोन आला. "हेडमास्तर उपाशी आहेत."

मी गेले तर अंगणाबाहेर घोट्याएवढं हिरवं. कुर्डू, टाकळा, सगळं कोवळं लुसलुशीत वर आलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, हे काय, समोरच तर आहे."

गुरुजींनी नुसतं आत्याकडे पाहिलं.

आमच्याकडे पावसात उगवलेली पहिली कोवळी भाजी आधी देवाला दाखवतात. तोवर घरात कुणी ती तोंडात घालत नाही. पाड्याचा दिवस ठरतो आणि त्या दिवशी सगळे मिळून खातात. आत्यानं हा नियम हेडमास्तरांनाही लावला होता.

"आत्या, ते जनावर आहे."

"घरात राहतो ना? मंग घरचाच."

"त्यांना कळत नाही गं."

"नाय कळत तर शिकव. तुम्ही दोघां मास्तर-डाक्टर कशाला हाव?" आणि मग तिनं निकाल दिला. "देवाच्या आधी कुणी नाय. हेडमास्तर असला तरी."

पाच दिवस मी जव्हारहून उन्हाळी गवताच्या पेंढ्या पाठवल्या. सुकलेलं गवत कासवाला चांगलंच असतं. पण हेडमास्तर उंबऱ्याशी बसून बाहेरच्या हिरव्याकडे बघत राहायचे. गुरुजी म्हणाले, "माझी शाळा अशीच होती. खिडकीतून सगळं दिसायचं."

*

श्रावणात कुणीतरी उठवलं की भोये गुरुजींनी धरणातून कासव धरून आणलंय. आपल्याकडची कासवं घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. तेव्हा वनरक्षक चौकशीला आला यात त्याचं काही चुकलं नाही. चूक एवढीच झाली की तो गुरुजींचा विद्यार्थी निघाला.

गुरुजींनी त्याला कासवाबरोबर आलेला कागद दिला. "मोठ्यानं वाच."

त्यानं वाचला. कागद इंग्रजीत. दोनदा अडखळला.

"पुन्हा पहिल्यापासून."

तिसऱ्या वाचनाला कागद खरा असल्याची त्याची खात्री पटली. जाताना त्यानं मला फोन केला. "ताई, कासव आफ्रिकेचंच आहे. पण पुढच्या वेळी चौकशीला दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगतो."

*

जव्हारची थंडी आफ्रिकेच्या कासवाला मानवणारी नाही. डिसेंबरात हेडमास्तरांच्या नाकातून फुगे यायला लागले आणि श्वासाला शिट्टी वाजायला लागली. मी इंजेक्शनं दिली आणि म्हटलं, यांना ऊब पाहिजे. अंगणातल्या खोक्यात ठेवणं बंद.

घरात ऊब एकाच ठिकाणी, चुलीजवळ. आणि चुलीजवळचा कोपरा आत्याचा. तिथंच तिचे देव, तिथंच तिची पाटी आणि सूप. तिनं खूप वेळ विचार केला. मग सूप उचलून दुसरीकडे ठेवलं.

पंधरा दिवसांनी मी गेले तर हेडमास्तर ठणठणीत होते आणि चुलीजवळून हलायला तयार नव्हते. आत्या भाकऱ्या थापत त्यांच्याशी बोलत होती. मला बघून गप्प झाली.

"काय बोलत होतीस?"

"काय नाय. सरक म्हणत होते."

गुरुजी बाहेरून ओरडले, "अर्धा तास सरक म्हणतेय ती."

*

आता त्या वाक्याकडे येते.

यंदाच्या मे महिन्यात पशुसखींनी पाड्यापाड्यावर शेळ्यांना जंताचं औषध पाजलं. हे काम एका दिवसात सगळ्या पाड्याचं उरकायचं असतं. एक शेळी जरी राहिली तरी तिच्यामुळं जंत पुन्हा सगळ्या कळपात पसरतात. म्हणून मी प्रशिक्षणात टेबलावर हात आपटून ते वाक्य म्हटलं होतं आणि पुढं जोडलं होतं, "पाड्यातलं एकही तोंड सोडायचं नाही."

सुरेखानं एकही तोंड सोडलं नाही. गुरुजी बाजाराला गेले होते, आत्या शेतावर होती. घराच्या ओट्यावर ऊन खात एक तोंड बसलं होतं. सुरेखानं वही उघडली. वहीत चित्र होतं. तिनं जास्वंदीचं फूल तोडलं.

फुलात तिनं शेळ्यांचं औषध घातलं होतं, आयव्हरमेक्टिन. शेळीला त्यानं तरतरी येते. कासवाचं अंग लुळं पडतं, मग श्वास बंद पडतो. त्याला उतारा नाही. हे मी प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. शेळ्यांच्या प्रशिक्षणात कासवाचं कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हेडमास्तरांना पिशवीतून आणलं तेव्हा चारही पाय आणि मान बाहेर लोंबत होती. वर्षभर जे डोकं बाहेर यावं म्हणून आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो, ते डोकं आता आत जात नव्हतं.

मागोमाग सुरेखा आली. दारातच उभी राहिली. "ताई, मी वहीप्रमाणंच केला."

वही तिची, पण तिच्यातलं चित्र माझंच होतं.

पांडूकाका पाणी गरम करत म्हणाले, "डाक्टर, एक सांगू? तुम्ही घोषणा दिली. घोषणा आयकून माणूस थांबत नाय, विचारत नाय. सुटतोच."

मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, औषध अंगातून हळूहळू उतरतं. तोवर ऊब द्या, रोज कोमट पाण्यात ठेवा, पाणी टोचून द्या, श्वास अडकू नये म्हणून मान सरळ राहू द्या. "आणि?" मी विचारलं. "आणि काही नाही," सर म्हणाले.

*

गुरुजींनी हेडमास्तरांना पुन्हा चुलीजवळ नेलं. मी एक दिवसाआड जामसरला जायचे. सुरेखा रोज जायची, सकाळी आणि संध्याकाळी. घमेलं भरायची, मानेखाली दुमडलेलं फडकं ठेवायची. आत्या पहिले आठ दिवस तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी तिच्यापुढं चहाचा कप ठेवला. बोलली तरीही नाही.

गुरुजींनी एक जुनी वही काढली आणि हजेरी मांडली. रोज सकाळी नाव पुकारायचे, "हेडमास्तर." उत्तर नाही. पायाचा अंगठा हळूच चिमटीत धरायचे. पाय हलायचा नाही.

चौथ्या दिवशी ते दवाखान्यात आले. "वनिता, एक दाखला हवाय."

"कसला?"

"वैद्यकीय रजेचा. गैरहजर लिहायला माझा हात होत नाही. रजा मांडायची तर डॉक्टरचा कागद पाहिजे."

मी दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहिलं, हेडमास्तर यांना पूर्ण विश्रांतीची गरज आहे. सही केली, शिक्का मारला. गुरुजींनी वाचला आणि परत दिला.

"किती दिवस ते लिहिलं नाहीस."

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मी एकवीस लिहिलं.

तेराव्या दिवशी पाय हलला. चिमटीत धरलेला अंगठा अगदी थोडा मागं ओढला गेला. गुरुजींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या मागून आत्याचा आवाज येत होता, "सुरेखेला सांग आधी, सुरेखेला." सतराव्या दिवशी मान आत गेली. आम्ही सगळे खूश झालो.

पण हेडमास्तर खाईनात. गवत ठेवलं, भोपळ्याचं पान ठेवलं, जास्वंद तर मी मुद्दामच ठेवली नाही. वजन उतरत चाललं. मी नळीनं थोडं पोटात घालत होते, पण नळीवर कासव किती दिवस काढणार?

एकविसाव्या दिवशी गुरुजी पुन्हा दवाखान्यात उभे. खिशातून जुना दाखला काढून टेबलावर ठेवला आणि उलगडून सरळ केला.

"रजा वाढवून दे."

मी दहा दिवस वाढवून दिली. मंदाचे फोन येत होते. ती एवढंच विचारायची, "बाबा बोलतायत ना?"

*

पाड्याचा कोवळ्या भाजीचा दिवस रविवारी ठरला. गुरुजींनी मला आणि पांडूकाकांना जेवायला बोलावलं. सुरेखा तर तिथंच होती.

घरात जेमतेम जागा. एका बाजूला चूल, तिच्यालगत आत्याचे देव, आणि चूल व देव यांच्या मध्ये पोत्यावर हेडमास्तर. डोळे उघडे, बाकी दगड. सकाळीच मी त्यांचं वजन केलं होतं. आकडा मी गुरुजींना सांगितला नाही आणि त्यांनीही विचारला नाही.

आत्यानं पहाटे उठून कुर्डूची कोवळी पानं खुडून आणली होती. धुऊन, निथळून, तिनं ती स्वच्छ सुपात देवापुढं ठेवली. मागं भाताचं भांडं, नागलीच्या भाकरी. आम्ही भिंतीला टेकून बसलो. कुणी काही तोंडात घालायचं नव्हतं.

आत्या तेलाची बाटली घ्यायला वळली. दिव्यात वात नव्हती. ती कापूस शोधायला लागली.

तेवढ्यात आवाज आला. कुरकुर असा, ओलं काहीतरी तुटल्याचा.

पांडूकाकांनी माझा हात धरला. पोत्यावर हेडमास्तर नव्हते. पोत्यापासून दोन हात पुढं, सुपाच्या काठावर त्यांची हनुवटी होती आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हिरवं पान बाहेर आलेलं. ते पान आत गेलं. मग दुसरं.

सुरेखा उठायला गेली. गुरुजींनी तिला खाली बसवलं. त्यांचे डोळे आत्याच्या पाठीकडे होते.

आत्या वात घेऊन वळली. तिनं सूप पाहिलं. देवाकडे पाहिलं. हातातली वात तिनं जपून खाली ठेवली, वाकली आणि सूप हळूच पुढं सरकवलं, हेडमास्तरांच्या तोंडापाशी.

"सुरेखे," ती म्हणाली, "देवाला दुसरी खुडून आण. घाई नको करू. तो थांबल."